खास प्रसंगासाठी ठेवलेलं मशीन

१२ जानेवारी १९४७, येडशी
आजपासून रोज लिहायचं. कारण मनात तक्रार आहे आणि ऐकायला कुणी नाही. माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. आडतीतला माझा गुमास्ता बलभीम, स्टेशनमास्तर, घरात बायको गिरिजा. सगळ्यांना एकदम काय झालंय कळत नाही. माझे कान ठणठणीत आहेत. आडतीत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. आजवर माझा एक सौदा चुकलेला नाही.

१९ जानेवारी
पुतण्या वीरप्पा सोलापूरहून आला. माझ्यासाठी कानाचं मशीन घेऊन. मी मागितलं नव्हतं. खिशात ठेवायची पेटी, कमरेला बॅटऱ्या, पेटीपासून कानापर्यंत वायर. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या जकात नाक्यावर नाकेदाराला ते चोरटं वायरलेस वाटलं. पोराला दुपारभर बसवून ठेवलं, झडती घेतली.
वीरप्पाचं म्हणणं, काका, रोज घरी लावा. आधी शांत खोलीत, काकूंशी बोलताना. सवय व्हायला महिना-दोन महिने लागतील. (हे त्यानं पाटीवर लिहून दाखवलं. बोलताना फार घाई करतो.)
चष्मा लावला की त्या क्षणी दिसतं. मग मशीनला सवय कशाला? पोराला कुणीतरी फसवलंय.

२१ जानेवारी
लावलं. थेट आठवडी बाजारात गेलो. बैलांच्या घुंगुरमाळा, तराजूच्या साखळ्या, हमालानं आदळलेलं पोतं, सगळं एकदम डोक्यात. माणसांचं बोलणं तेवढं सापडेना. वर तिघांनी ओरडून विचारलं, आप्पा, बहिरे झालात का? हे बरं ऐकू आलं. काढून टाकलं. मशीन बिघडलेलं आहे.

२ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. मशीन रोज लावलं की कान आळशी होतो. असलेलं ऐकणंही जायचं. शिवाय मशीन लावलेला माणूस म्हातारा दिसतो. निर्णय: मशीन कपाटात. खास प्रसंगी काढायचं, म्हणजे लग्नकार्य, पंचायत, मोठा साहेब. घरात ऐकण्यासारखं काय असतं? रोज निजताना कानात कोमट तीळतेल. नक्की गुण येईल.

२० फेब्रुवारी
तेलाचा खाडा झाला. गिरिजाला ताप आणि खोकला. धाराशिवहून डॉक्टर आणला. तो मला बाजूला घेऊन बराच वेळ हळू आवाजात बोलला. मी गंभीर चेहरा करून ऐकलं. औषध दिलंय म्हणजे साधंच असणार.

३ मार्च
गिरिजाचा आवाज पार बसलाय. नुसते ओठ हलतात. संध्याकाळी माझा हात धरून खूप वेळ काहीतरी सांगत होती. कामाची कडूबाई पायथ्याशी बसली होती. कपाट हाताच्या अंतरावर, पण बायकोचं ऐकायला मशीन लावायचं म्हणजे कडूबाईसमोर शोभा. आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिचं मला न बोलता कळतं. बहुतेक औषध कडू लागत असावं. म्हटलं, व्हय, व्हय. उद्याच करू.
तिचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. असा तो लग्नातही पाहिल्याचं आठवत नाही.

४ मार्च
गुण आला. सकाळीच उठून बसली. कडूबाईकडून वेणी घालून घेतली, ठेवणीतलं इरकल लुगडं नेसली. दिवसभर दाराकडं तोंड करून बसली होती. डॉक्टर हुशार आहे.

५ मार्च
आजही इरकल. शेजारी एक गाठोडं. हे कशाला, विचारलं. ओठ हलले. म्हटलं, बरं, बरं, उद्या. मागाहून कडूबाईनंही काहीतरी विचारलं. तिलाही उद्याच म्हटलं. बायकांना उद्या म्हटलं की समाधान असतं.

७ मार्च
लुगडं न बदलता निजते. अन्न घेत नाही. माझ्याकडं बघत नाही. आजारी माणूस चिडखोर होतो, मनावर घ्यायचं नाही.

९ मार्च
आज उठली नाही. कडूबाईनं गाठोडं सोडून लुगडी परत ठेवली. ठेवताना रडत होती. हळवी बाई आहे.

११ मार्च
दुपारी गिरिजा गेली.
आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे आपल्याच शेतात समाधी दिली. तिचा भाऊ रेवणप्पा तिच्या माहेराहून, माकणीहून आला तो माती दिल्यावर. कडूबाईशी बोलत उभा राहिला. मला न भेटताच गेला. दुःखात माणूस असाच वागतो.

२६ मार्च
कडूबाई कामाला येत नाही. बलभीम नजर चुकवतो. वाण्याच्या दुकानात गेलो की माणसं उठून जातात. आता तोंडातल्या तोंडातसुद्धा कुणी बोलत नाही.
मशीन काढलं. वीरप्पानं सांगितलं होतं तसं रोज घरी लावून बसतो. खोली पाहिजे तितकी शांत आहे. बोलायला समोर कुणी नाही, एवढीच अडचण.

४ एप्रिल, माकणी
मशीन लावून इथं आलो. रेवणप्पानं पाणी विचारलं नाही. अंगणात आम्ही दोघंच होतो. विचारलं, माझं चुकलं काय?
तो सावकाश बोलला. दाजी, अक्कानं तुमचा हात धरून सांगितलं होतं, मला एकदा माहेरी अव्वाकडं न्या. तुम्ही उद्या म्हणालात. अव्वाला दिसत न्हाय, चालवत न्हाय, ती कशी येणार? अक्का रोज नेसून बसायची म्हणं. न्यायचं नव्हतं तर न्हाय म्हणायचं.
म्हणजे सगळे मला लबाड समजतायत. व्यापाऱ्याला लबाड म्हटलेलं सोसतं. गप्प राहून निघून येता आलं असतं. बैलगाडी जुंपलेलीच होती.
म्हटलं, रेवणप्पा, मला ती काय म्हणाली ते ऐकूच आलं नव्हतं.
तो माझ्या कानातल्या वायरीकडं बघत राहिला. मग म्हणाला, येवढंच तुम्ही तिला सांगायचं होतं. ती पुन्हा बोलली असती.
आतून सासूबाईंनी हाक दिली, कोण आलंय रे? थकलेला आवाज, दोन भिंतींपलीकडचा, तरी शब्दन्‌शब्द ऐकू आला. रेवणप्पाचं उत्तरही आलं.
कुणी न्हाय, अव्वा.