उलटं बसवलेलं सील

दादा,

हे पत्र टाकायची हिंमत होणार नाही, तरी लिहितोय.

बारा वर्षांनी बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन आज खोललं. क्रँकचं बेअरिंग जळून निळं पडलंय. तेव्हा इंजिन जाम झालं, आणि तेल न बघता गाडी दामटलीस म्हणून बाबांनी सगळ्या गल्लीसमोर तुझ्या कानाखाली वाजवली, आणि तू घर सोडलंस.

तेल तू बघितलं होतंस रे. ते वाटेत गळून गेलं, कारण तेल अडवणारं रबरी ऑइल सील उलटं बसलं होतं. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे हवी, ती बाहेर होती. कडेला माझ्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा अजून आहे. इंजिन जोडता जोडता तू जेवायला गेलास, तेवढ्यात आगाऊपणा करून मीच ते ठोकून बसवलं होतं.

आज इंजिनचं केसिंग तापवून नवं बेअरिंग बसवलं, नवं सील तीनदा तपासलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आवाज ऐकून बाबा काठी टेकत बाहेर आले.

"शेवटी झालं काय होतं रे तिला?"

जुनं सील माझ्या मुठीतच होतं.

"तेलच नव्हतं ना, बाबा," मी म्हणालो.

तुझाच,
धाकटा