सगळ्यांना सगळे हक्क

सर,

तुम्ही वारलात, सुटलात. त्याला अकरा वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडलोय. आदिलाबादला बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत तुम्ही आम्हाला डेटाबेस शिकवायचात. लाईट जायच्या आत प्रॅक्टिकल उरकायचं, म्हणून कोणी कुठली माहिती उघडायची याबद्दल तुमचं एकच सांगणं: "सगळ्यायले सगळे हक्क देऊन टाक, मंग काई अडत नाई." एकदा मी जाड मॅन्युअलमधलं सुरक्षेचं प्रकरण उघडून बसलो, तर तुम्ही भर वर्गात झापलंत, "हे काऊन वाचून राह्यला? परीक्षेत येते का हे?" पोरं हसली आणि मी मॅन्युअल मिटलं.

पुढे मी तेच केलं. पार उटनूरपर्यंत शाखा असलेल्या एका खाजगी दवाखान्याचा डेटाबेस सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. औषधाच्या काउंटरवरच्या माणसाला फक्त गोळ्यांचा साठा दिसायला हवा होता. मी त्याला सगळंच उघडून दिलं. त्याने बाजारहत्नूरकडच्या एका मुलीचा रिपोर्ट वाचला, चार जणांना सांगितला आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचे वडील ऑफिसात आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीचा कागद त्याच्यापाशी कसा गेला, भाऊ?" मला उत्तर माहीत होतं आणि मी त्यांना दवाखान्याच्या साहेबांच्या खोलीकडे पाठवून दिलं. साहेबांनी महिन्याची मुदत दिली: शिकून दुरुस्त कर, नाहीतर घरी बस.

मग या वयात मी शिकायला बसतो. तेलुगू व्हिडिओ, हिंदी व्हिडिओ. दहा मिनिटं गोड बोलायचं आणि शेवटी कोर्स गळ्यात मारायचा. प्रमाणपत्राच्या परीक्षेचे प्रश्नसंच पाठांतरापुरते. मराठीत तर नावालाही काही नाही. तीन आठवडे वाया गेल्यावर कळतं, की डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीचं मूळ मॅन्युअल इंटरनेटवर फुकट पडलंय. जुन्या लॅपटॉपवर सरावासाठी खोटी नावं भरून मी एकेकाचे हक्क काढत गेलो. काम अडलं की पुन्हा वाचायचं. ज्याचं जेवढं काम तेवढेच हक्क, आणि कोणी काय उघडलं याची नोंद. आठ दिवसांत जमलं, सर! नोकरी वाचली. त्या मुलीचं लग्न काही परत जुळलं नाही.

तुमच्या पत्नी अजून त्याच गल्लीत राहतात. हे पत्र त्यांच्या हातात ठेवावं असं दोनदा मनात आलं, पण ठेवणार नाही. तुम्ही मला एकच वर्ष शिकवलंत. त्यानंतरची सतरा वर्षं ते सुरक्षेचं प्रकरण वाचायला मला कोणीही अडवलं नव्हतं. खरं तर मी लिहायला हवं होतं त्या मुलीच्या वडिलांना. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.