आठवी पायरी

दि. ४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला तरी ‘नंतर बोलतो’ म्हणता येत नाही.

आप्पांना जाऊन पाच महिने झाले. बापाचा सुतारकामाचा कारखाना आता मीच चालवते. हाताला थोडा कंप आलाय, बाकी तब्येत ठणठणीत. लोक अजून ‘आप्पांकडे’ काम घेऊन येतात आणि मला बघून आप्पा कुठेत म्हणून विचारतात. मी बाहेर गेलेत म्हणून सांगते. खोटं कुठे आहे त्यात?

आता कामाचं. मुलांच्या वसतिगृहाचं काम मिळालंय. दुमजली पलंग, बारा. प्रत्येकाला एक शिडी, शिडीला पाच गोल पायऱ्या. म्हणजे एकशेवीस भोकं, आणि सगळी काटकोनात हवीत. माझ्या या हातानं ड्रिल सरळ धरवत नाही. दुकानदार म्हणाला की ड्रिल सरळ राहावं म्हणून हातात घेऊन फिरता येतील असे स्टँड मिळतात. त्यानं तीन दाखवले आणि तिन्हींचं सारखंच कौतुक केलं, तेव्हाच मी ओळखलं की याला काही कळत नाही. तू वजनकाटे दुरुस्त करतोस, तुला सरळ-वाकडं माझ्यापेक्षा बरं कळतं. कुठला घेऊ?

जेवण वेळेवर घेत जा. नुसत्या चहावर दिवस ढकलतोस, हे मला इथे बसून कळतं.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू?
तुझी,
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिड्यांचं काम घेऊ नकोस.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहितो. दुकानदारानं दाखवलेले तीन कुठले असतील ते मला ठाऊक आहे. पहिला म्हणजे भोकं पाडलेला लोखंडी ठोकळा, खाली गोल लाकडासाठी खाच असलेला. खिशात मावतो, पण त्यात ड्रिलचं जाडं पातं शिरत नाही. पायरीच्या कामाचा नाही. दुसरा दोन उभ्या दांड्यांचा, स्प्रिंगवाला. चांगला असतो, पण घेण्यापूर्वी दुकानातच हातानं हलवून बघ. दांडे आपल्या भोकात जरा जरी डुगडुगले तरी ठेवून दे. तिसरा जड, हँडलचा. ड्रिलची मान त्यात आवळून बसवतात. सगळ्यात पक्का, पण शिडीच्या अरुंद दांड्यावर त्याचं बूड टेकत नाही, दोन्ही बाजूंना लाकूड लावावं लागतं.

कुठलाही आणलास तरी आधी रद्दी लाकडावर भोक पाड, त्यात सरळ सळई घाल आणि काटकोनाचा गुण्या लावून बघ. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी ठेवला होता.

चौदा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या पोटमाळ्याची शिडी मी हातानंच भोकं पाडून केली. घाईत केली. दुसऱ्या दिवशी चिमणी सरसाचा डबा काढायला चढली आणि आठवी पायरी निसटून तिच्यासकट खाली आली. सगळं घर तिला चिमणी म्हणायचं, इतकी हलकी बायको माझी. तेवढंही वजन त्या भोकानं पेललं नाही. आता बारा शिड्यांवर मुलं चढणार आणि तू मला स्टँड कुठला म्हणून विचारतेस.

ती शिडी अजून आहे का? असली तर जाळून टाक.

आणखी लिहवत नाही.
तुझा,
भाऊ


दि. १९ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

काम घेतलंय. ती मुलं सध्या जमिनीवर झोपतात, मी नाही केले तर कोपऱ्यावरचा खिळेठोक्या करील. त्याच्या खुर्च्या तुला माहीत आहेत. माणूस बसण्याआधी खुर्चीच बसते.

तीनही स्टँड दुकानदाराकडून दोन दिवसांसाठी मागून आणले. ठोकळ्याबद्दल तू म्हणालास तसंच झालं. जड स्टँडनं सुरेख भोकं पडली, पण दर वेळी लाकडं लावा-काढा करताना माझी कंबर गेली. दोन दांड्यांचा जो आणला तो डुगडुगत होता. मी परत दिला, तर दुकानदार म्हणाला की एवढं चालतं. मी म्हटलं, तुझ्या पोराला चढवशील का? गुपचूप तसलाच दुसरा काढून दिला. तोच ठेवून घेतला.

शिडी आहे. आप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. आठव्या पायरीच्या जागी दोन भोकं तशीच आहेत.

लिहू की नको, असं झालं होतं. दुपारी साडेचारच्या सुमाराला ती वाजते. खालून वर, एकेक पायरी, कुणी चढत असल्यासारखी. सात वेळा. मग काही नाही. मला ठाऊक आहे, पत्रा तापतो, निवतो, लाकूड आवळतं. पण लाकडाला आकडे कुणी शिकवले? आप्पा त्या वेळेला कारखान्याबाहेर जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं, पाय मोकळे करतात.

तू एवढं सगळं स्टँडबद्दल कुठून शिकलास? वजनकाट्यांना भोकं पाडतात का?

काळजी घे, आणि माझ्यावर रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी,
ताई


दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून सांगतो. माझ्या खोलीत सहा स्टँड आहेत. बाजारात नवीन आला की घेतो. रविवारी फळी घेऊन बसतो आणि भोकं पाडतो. त्या फळ्यांचं काही करत नाही. पलंगाखाली भरल्या, कपाटामागे भरल्या, आता दाराशी रचून ठेवतो. घरमालकीणबाईंना वाटतं, माझा जोडधंदा आहे.

सात भोकं सरळ पडतात. आठवं कलतं. स्टँड बदलला, पातं बदललं, उलट्या बाजूनं सुरुवात केली. मध्येच उठून चहा पिऊन आलो. तरी आठव्याला सळई घातली की गुण्याखाली फट दिसते. कागदाएवढी, पण दिसते. हात माझाच आहे, त्याला काय सांगणार?

तुझ्या पत्रातलं ते सात वाचून मी पत्र पालथं ठेवलं. अजून पालथंच आहे.

शिड्या करू नकोस, ताई. पाया पडतो.
तुझा,
भाऊ


दि. ३ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी त्या शिडीच्या रिकाम्या आठव्या भोकात सळई घातली, गुण्या लावला. तीनदा मोजलं. आठवं भोक कललेलं आहे, खोटं सांगत नाही. पण मग मी सगळीच मोजली, पायऱ्यांना गुण्या लावून. दुसरं कललंय, पाचवं त्याहून कललंय. आप्पांनी केलेल्या जुन्या शिड्याही मोजल्या. हातानं पाडलेलं भोक थोडं कलतंच. म्हणून तर पायरीच्या टोकाला चीर पाडून पाचर ठोकतात. पाचर बसली की पायरी हलत नाही.

ती शिडी तू उभी केलीस आणि पाचरी ठोकायचं काम आप्पांनी मला सांगितलं. तुला आठवत नसेल, तू तेव्हा लाकूड आणायला गेला होतास. मी खालून सुरुवात केली. सात पायऱ्यांच्या ठोकल्या. आठवीच्या वेळेला गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर मी हात धुऊन घरात गेले. जेवताना आठवलं. म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी दोनदा त्या शिडीखालून गेले.

पडलेली पायरी आप्पांनी उचलली. दोन्ही टोकं कोरी होती, चीरसुद्धा नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास आणि भोक वाकडं पडलं, भोक वाकडं पडलं एवढंच म्हणत होतास. आप्पा काही बोलले नाहीत. मीही नाही. पुढे तू घर सोडून निघालास, तेव्हा मी दारापर्यंत आले होते सांगायला. तुला डबा दिला आणि परत फिरले.

आप्पा गेल्यावर त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या तळाशी ती पायरी मिळाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. स्टँडचं निमित्त काढून तुला पत्र लिहिलं, ते खरं तर हे लिहायला. दोन पत्रं त्यातच गेली.

माफी मागत नाही. मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर येतं.

ताई


दि. २० मार्च

ताई,

पत्र पोचलं. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते पाठवण्यासारखं नव्हतं.

आप्पा गेले. त्यांच्याशी भांडता येत नाही. चौदा वर्षं मी वाकडा हात घेऊन फिरलो आणि तुम्ही दोघं एका ताटाशी बसून जेवत होता, एवढंच डोक्यात फिरतंय.

चोवीस तारखेला येतो. तुझ्यासाठी नाही, त्या मुलांसाठी. मी येईपर्यंत एकही भोक पाडू नकोस. पाचरी मात्र करून ठेव. एकशेवीस. मोजून.

लोभाचं आज काही लिहवत नाही.

भाऊ


दि. ८ एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तू नीट पोचलास का, ते अजून कळवलं नाहीस. पलंग वसतिगृहात गेले. तिथल्या बाई सांगत होत्या की मुलं दिवसभर नुसती वर-खाली करतायत.

तीन दिवसांत तू माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोललास. त्यातलं एक लाकडाखाली फळी सरकव म्हणून, आणि एक मीठ दे म्हणून. मला तेवढीही पुष्कळ होती. तू भोक पाडायचं, मी पाचर ठोकायची, मग तू येऊन ती अंगठ्यानं दाबून बघायचास. एकूण एक. मला राग आला नाही. शेवटी बाराही शिड्यांवर तू चढलास आणि प्रत्येक पायरीवर उड्या मारल्यास. पन्नाशीचा माणूस, धापा टाकत. बघून मला हसू आलं आणि मग आवरेना, म्हणून मी आत गेले होते.

शेवटच्या दुपारचं तेव्हा बोलता आलं नाही, आता लिहिते. साडेचारला जुनी शिडी वाजायला लागली. मला वाटलं, तू बाहेर जाशील. तू हातातलं ड्रिल खाली ठेवलंस आणि शिडीखाली जाऊन दोन्ही हात वर धरून उभा राहिलास. सात पायऱ्या वाजल्या. मग शांत झालं. तू हात खाली घेतले नाहीस. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

आवाज बंद झाला असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. झालेला नाही. आता मीही त्या वेळेला खाली जाऊन उभी राहते. भीती वाटते, पण राहते.

उत्तराची घाई नाही.
तुझी,
ताई


दि. १७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नीट पोचलो. खोकला होता, गेला. भुशानं झाला असावा. एवढ्याची सवय राहिली नाही.

राग गेलाय असं समजू नकोस. सकाळी उठतो तेव्हा नसतो, दात घासेपर्यंत येतो. पण तुझ्या हाताला कंप आहे, तो तू सांगितलास त्याहून जास्त आहे, हेही तिथे बघितलं. डॉक्टरांना दाखव. ड्रिलला शक्यतो हात लावू नकोस. भोकांचं काम निघालं तर कळव, महिन्यातून एकदा मला जमेल.

परवा घरमालकीणबाई विचारत होत्या की मागच्या महिन्यात तीन दिवस कुठे होतात. बहिणीकडे गेलो होतो, असं तोंडातून निघून गेलं. त्या बघतच राहिल्या. मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगत आलोय की मला कुणी नाही. बहीण मोठी की धाकटी, काय करते, माझ्यासारखीच अबोल का, असं त्या विचारत सुटल्या. अबोल नाही, म्हटलं, पण एकदा चौदा वर्षं गप्प बसली होती. त्यांना ते कळलं नाही.

मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं की लग्न केलंच नाही का? इतकी वर्षं या प्रश्नाला मी नाही म्हणत आलो. परवा म्हटलं, केलं होतं. कशी होती, म्हणाल्या. मी सांगायला लागलो. हसताना तोंडावर पदर धरायची, तुझ्याशी पत्त्यांत लबाडी करायची, शिट्टी वाजवायची आणि आप्पा आले की खोकल्याचं सोंग करायची. ती कशी गेली हे सांगायचं राहूनच गेलं, ताई. आमचा चहा दोनदा गार झाला, बाईंनी तिसऱ्यांदा ठेवला, आणि मी अजून तिच्याबद्दल बोलतच होतो.

पत्र पाठव. औषध घे. बाकी भेटीत.
तुझा,
भाऊ