वालेन्सियाची खरवड

वालेन्सिया, स्पेन
सोमवार, १२ ऑक्टोबर २००९

तीर्थरूप मोठेबाबा यांस रंजिताचा सविनय जयभीम.

मी इथं खुशाल आहे. तुमची शुगर, मोठीआईचा गुडघा आणि शेताच्या बांधीतला धान कसे आहेत ते कळवावं (धानाचं आधी कळवाल, माहीत आहे). हे पत्र हातानं लिहून, कॉलेजात स्कॅन करून रत्नपालदादाला पाठवून राहिली. तो आपल्या तालुक्याला, गोरेगावच्या नेटकॅफेतून प्रिंट काढून ओसरीत सगळ्यांना वाचून दाखवेल. (दादा, कंसातलं मनातल्या मनात वाचायचं. मागच्या पत्राला जे केलंस ते पुरे झालं.) तुम्ही लाल पेन घेऊनच बसला असाल. निवृत्त मुख्याध्यापकाला पुतणीचं पत्रही उत्तरपत्रिकाच वाटते, त्याला कोण काय करणार!

तुमच्या आशीर्वादानं इथं येऊन बावीस दिवस झाले. निघायच्या आधी तुम्ही विहारात माझा सत्कार केला, पाऊण तास माइक सोडला नाही, आणि 'आमची पोरगी स्पेनवाल्यांना भात शिकवून येईल' असं जाहीर करून टाकलं. मी शिकवायला नाही, धानाच्या पिकाचं शास्त्र शिकायला चालली होती, हा बारीक तपशील शाल आणि पुष्पगुच्छाखाली दबून गेला. वर माझ्या बॅगेतलं एकुलतं एक जाड स्वेटर काढून तिथं पाच किलो एचएमटी तांदूळ कोंबला, का तर 'तिकडं पोरगी काय खाईल'. तर मोठेबाबा, कळवायला आनंद वाटतो की या शहराच्या वेशीबाहेर मैलोनमैल धानच धान आहे. तशाच बांध्या, तसंच पाणी, तसेच बगळे. स्वेटर मात्र इथं धानासारखं उगवत नाही, आणि थंडी सुरू होऊन राहिली.

बाकी देश तुम्हाला पसंत पडेल. दुपारी दोनला दुकानांचे दरवाजे लागतात ते पाचपर्यंत उघडत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणी मोठा माणूस वारला. नंतर कळलं, सगळे जेवून आडवे झाले आहेत. घरी आपण यालाच 'मोठेबाबा चिंतन करून राहिले' म्हणतो. भेटल्यावर हात जोडायची पद्धत नाही, दोन्ही गालांचे मुके घेतात, म्हातारेसुद्धा. मी आपला जयभीम करायला हात जोडले, तर समोरच्या आजोबांचं नाक माझ्या बोटांवर आपटलं. (दादा, 'इथं भेटल्यावर विचारपूस करतात' एवढंच वाच.)

ते आजोबा म्हणजे विसेन्ते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या घरात मला एक खोली मिळाली आहे. त्यांची मुलगी अंपारोबाई सगळं पाहते, पण घर आजोबांच्या नावावर, म्हणून सहीही त्यांचीच. आणि सगळं त्या सहीवर अडून राहिलं आहे. वीस तारखेपर्यंत मी राहत्या पत्त्याचा सहीचा कागद पोलिसांत दिला नाही, तर माझं इथलं राहणंच धोक्यात येते. दुसरी खोली मी तीनदा पाहून आली. एका घरात खिडकी नव्हती, एका घरात दार नव्हतं, आणि तिसऱ्या घरात माझा चेहरा पाहून खोलीच नव्हती. आजोबांनी सांगितलं, महिनाभर पोरगी कशी आहे ते पाहू, मग सही. म्हटलं पाहा बापा. आपण काय, सत्कार झालेली माणसं!

काल रविवारी त्यांनी मला शेतावर जेवायला नेलं. इथं रविवारचा भात पुरुष रांधतात. (हे वाक्य दोनदा वाच, दादा, आणि मोठ्यानं.) लग्नातल्या परातीएवढी सपाट लोखंडी कढई, झाकण नाही, खाली संत्र्याच्या झाडाची लाकडं. आजोबा सकाळपासून तिच्यासमोर उभे होते, कोणाला जवळ येऊ देत नव्हते. मला तुमच्या भाषणाची आठवण झाली आणि मी छाती फुगवून सांगितलं की मी धानाच्या जिल्ह्यातली, आमच्या घरचा धान आहे. आजोबा एकदम खूश! कढईवरचा दिवाणजी नेमावा तसं मला तिथं उभं केलं, 'फक्त लक्ष ठेव' म्हणाले, आणि टेबल लावायला गेले.

मोठेबाबा, मी लक्षच ठेवलं हो. दोन मिनिटांत तळातून करपल्याचा वास आला, चरचर आवाज आला. आणि माझ्या कानात तुमचा आवाज घुमला, 'काऊन जळला भात? ध्यान कुठी होतं?' आपल्या घरात भात तळाला लागला की तुम्ही ताट सरकवता आणि मग दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही. परक्या देशात, परक्या घरात, सहीच्या माणसाच्या कढईत तसं होऊ द्यायचं? मी धावली, तांब्याभर पाणी ओतलं, लाकडं मागं ओढली आणि मोठा चमचा घेऊन तळापासून असा ढवळला, असा ढवळला, की एक शीत चिकटलेलं ठेवलं नाही. वाचवला भात! चमचा वर धरून मी शाबासकीची वाट पाहत उभी होती.

जेवायला जमलेली चौदा माणसं माझ्याकडं पाहत होती. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, इथं मयतीला धरतात तशी. अंपारोबाईनं मोडक्या इंग्रजीत मला समजावलं. हा भात कधीच ढवळायचा नसतो. तळाची ती खरपूस खरवड धरावी म्हणून तर सकाळपासून सगळा खटाटोप, आणि ती घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या मानाची. मी त्या मानाची खिचडी केली होती. सगळ्यांनी ती निमूटपणे खाल्ली. आजोबांनी खाल्ली नाही. मला तिथंच रडू आलं आणि मी रडली, लपवून काय करू.

निघताना ते एवढंच म्हणाले, पुढच्या रविवारी तू तुझ्या गावचा भात कर, तळासकट. मग सहीचं पाहू. तेव्हा काळजी नसावी. पाच किलो एचएमटी आहेच, आणि मी धानाच्या देशाची लेक आहे, विहारात माइकवर सिद्ध झालेली. सगळ्या लहानथोरांना जयभीम.

तुमची लाडाची (लाल पेन बाजूला ठेवा),
रंजिता

ता. क. : मला भात रांधता येत नाही. आई गेल्यापासून मोठीआईनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही, 'तू अभ्यास कर वो' म्हणून हाकलत आली. चुलीवर खरवड न जळता कशी धरते, ते या घरात तिला एकटीलाच माहीत आहे.

ता. क. २ : तिला विचाराल तर ती म्हणेल, 'त्यात का सांगाचं, हाताले समजते.' म्हणून मोठेबाबा, तुम्ही स्वतः तिच्या बाजूला पाटावर बसा. स्वयंपाकघर धानाच्या कोठीच्या डाव्या हाताला आहे, चाळीस वर्षांत जाणं झालं नसेल म्हणून सांगते. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ लावा. पाणी किती, आच कधी ओढली, वास कसा आला, सगळं लिहून घ्या. शनिवारपर्यंत दादाकडून मला मिळालं पाहिजे, नाहीतर मी परत येते आणि तुम्हाला पुन्हा सत्कार करावा लागेल.

ता. क. ३ : (दादा, हे मोठ्यानं वाच. मोठीआई आत असेल तर आत जाऊन वाच.) तुम्ही ताट सरकवून उठलात की तळाची खरवड मोठीआई मीठमिरची लावून मागं एकटी खाते. मीही कधी विचारलं नाही की तुला वरचा भात उरला का. इथं त्या खरवडीसाठी एका अख्ख्या घराचा जीव गेला काल. म्हणून ज्या दिवशी तुम्ही पाटावर बसाल, त्या दिवशी खरवड आधी तिच्या ताटात, सगळ्यांच्या समोर. मग पाहिजे तर तुम्ही थोडी मागून पाहा. ती देईल. मी तिच्या जागी असते तर दिली नसती.