एका संसाराचे दोन शेवट

३ जून
आजपासून सीरियसली लेखक. मराठीतच लिहिणार. शाळा इंग्लिश मीडियम असली म्हणून काय झालं, घरातली भांडणं तर मराठीतच होतात.
थिअरी अशी: चांगला माणूसच चांगलं पुस्तक लिहू शकतो. लेखकाचं मन स्वच्छ असलं की वाचकाचंही आपोआप होतं. माझं चेक केलं. स्वच्छ आहे.

४ जून
विषय घरातच मिळाला. वहिनी नर्स आहे. तिला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इन-चार्जचं प्रमोशन मिळत होतं. तिथून फोन आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. दादाने फोन उचलला आणि परस्पर सांगून टाकलं, "तिला नाही जमणार." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सगळे निरोप माझ्यामार्फत.
आज वहिनी म्हणाली, "तुझ्या दादाला सांग, मी घर सोडायचा विचार करतेय." मी दादाला सांगितलं, वहिनी विचारात आहे. लेखकाने भाषा सौम्य ठेवावी.
संकल्प: कथा लिहून यांचा संसार वाचवायचा.

७ जून
लिहिलं नाही. घरात टेन्शन फार. असल्या वातावरणात संसारावर लिहिणं अवघड जातं.

८ जून
पहाटे उठायचं ठरलं होतं. दहाला उठलो. वहिनी ड्यूटीला निघताना म्हणाली, "जेवलास की ताट तरी उचलून ठेव." म्हटलं, डोक्यात पात्रं आहेत, आत्ता डिस्टर्ब नको. तिने उचललं. समजूतदार आहे. तिची कथा लिहिणं माझं कर्तव्यच आहे.

१२ जून
ब्रेकथ्रू! एकच कथा दोघांना कशी चालेल? पेशंट वेगळा, औषध वेगळं. म्हणून शेवट दोन. दादाच्या कॉपीत नवऱ्याला चूक कळते, तो माफी मागतो. वहिनीच्या कॉपीत बायकोला कळतं की इगो वाईट. दोन्हीकडे बायको घरीच राहते, कारण सुखान्त हवा. दोन्हीकडे एक धाकटा दीर आहे. देखणा, समंजस, तोच सगळं जुळवून आणतो. हे पात्र पूर्ण काल्पनिक.

१६ जून
दोघांना आपापल्या कॉप्या दिल्या. दादाने सोफ्यावर आडवं होऊन वाचली. म्हणाला, "तुझ्या कथेतला नवरा हुशार आहे. एकदा सॉरी म्हणाला आणि बायकोने प्रमोशनवर पाणी सोडलं. स्वस्तात सुटला." म्हटलं, दादा, तो पश्चात्ताप आहे. म्हणाला, "असेल बाबा. आयडिया चांगली आहे."
थिअरीत दुरुस्ती: वाचकही चांगला लागतो. लेखक एकटा किती करणार.

१७ जून
वहिनीने वाचली. विचारलं, "ही बाई काय करते?" नर्स आहे. "कुठल्या वॉर्डात?" मला सांगता येईना. यांच्याकडे राहतोय दोन वर्षं, पण विषय कधी निघाला नाही. "लहान मुलांच्या," ती म्हणाली, "घाल त्यात."
घातलं नाही. असल्या डिटेलने मॉरल बदलत नाही.

१९ जून
दादाची कॉपी टीपॉयवर पडली होती. वहिनीने तीही वाचली आणि सरळ दादासमोर जाऊन बसली. "बघ तुझ्या भावाचे उद्योग. तुला एक सांगतो, मला भलतंच." मग दोघांनी एकमेकांना आपापले शेवट वाचून दाखवले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दादा म्हणाला, "दीर बघ, दोन्हीकडे देवमाणूस." वहिनी म्हणाली, "आणि दोन्हीकडे आयतं जेवतोय."
बोलायला लागले! संसार वाचला. साहित्याची ताकद. पुढची कथा शेजाऱ्यांवर घ्यावी.

२० जून
सकाळी दोघं गॅलरीत शांतपणे बोलत होते. मी पडद्यामागे उभा, संशोधनासाठी.
वहिनी म्हणाली, "तू माफी मागतोस ना, तो शेवट बघ. त्यानंतरही हॉस्पिटलला फोन नवराच करतो. तोच नकार, फक्त गोड शब्दांत. बायको शेजारी उभी राहून हसते. फोन तिच्या हातात द्यावा, हे तुझ्या भावाला सुचलंच नाही. ते जाऊ दे. वाचताना तुला तरी खटकलं का?"
दादाने शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "नाही खटकलं."
"तेच," ती म्हणाली.
मग तिने स्वतः फोन लावला. जागा अजून रिकामी होती.
मला वाटतं, वाचन फार वरवरचं झालं.

२४ जून
वहिनी गेली. नुसती नोकरीवर नाही, कायमची. दादा बॅग घ्यायला पुढे झाला, तिने दिली नाही. मला म्हणाली, "भावोजी, तुमच्या कथेची मदत झाली बरं का." एरवी मला अरे-तुरे करते. वाचकाकडून आलेली पहिली कौतुकाची दाद, पण हवा तसा आनंद झाला नाही.

२५ जून
दादा कामावर गेला नाही. दोन्ही कॉप्या मांडीवर घेऊन बसला होता. जेवायला काही नव्हतं, कोणी विषयही काढला नाही.
म्हटलं, दादा, शेवट बदलतो. ती परत येते असं करतो.
म्हणाला, "लिही काय ते. पण माझ्याबद्दल काही लिहिणार असशील तर आधी मला विचार. तिच्याबद्दल असेल तर तिला."
म्हटलं, नक्की.
वाक्य फार चांगलं होतं. आत येऊन लगेच कथेत घातलं. दिराच्या तोंडी.