नाव विचारलं तेव्हा

धाराशिव, १९४४

तीर्थरूप अव्वाच्या पायी शिवकांताचा नमस्कार. मी बरी आहे, नर्सचं काम शिकतेय, जेवण अंगी लागतंय.

काल वॉर्डात दोन गिरिजाबाई होत्या. सिद्रामप्पांच्या गिरिजाबाईला काळजाच्या दुखण्याचे थेंब द्यायचे होते. दुसरीच्या ते जिवावर बेतले असते. मी खाटेपाशी जाऊन नवऱ्याचं नाव विचारलं. बाईनं लाजून पदर तोंडावर घेतला. मीही रेटलं नाही, चमचा तिच्या ओठांशी नेला. तेवढ्यात शेजारची म्हातारी म्हणाली, "हिचा धनी माणिकप्पा हाय, पोरी."

मी चमचा तसाच मागे घेतला. मोठ्या नर्सबाईंना मी आपणहून सांगितलं.

अप्पांचा खोकला कसा आहे? अव्वा, तुला कधी दवाखान्यात न्यावं लागलं आणि नर्सनं विचारलं, तर अप्पांचं नाव घे. उखाणा नको, लाजू नको, सरळ घे.

तुझीच लेक,
शिवकांता