दोरीच्या टोकाला

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

दोरीचं टोक हातात आलं तेव्हा मी दाराकडे निघाले होते. चपलाही घातल्या होत्या. आवाज नसलेल्या बाईने गाण्याच्या वर्गात करायचं काय, असं मी वहीत लिहून विचारलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर म्हणून दोरी दिली. म्हणाल्या, ओढा.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चार रविवार सामूहिक गायनाची कार्यशाळा आहे. गाणी जपानी, लोकांची. घशाचे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने माझं नाव परस्पर घातलं. नुसतं माणसांत बसा, म्हणाली. शिकवणाऱ्या बाई तिकडच्या एका बंदरगावी जाळी विणायच्या कारखान्यात बारा वर्षं होत्या. जाळं ओढताना म्हणायची गाणी त्यांनी तिथल्या बायकांकडून उचलली. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ओढता ओढता ‘योइशो’ म्हणायचं. अर्थ विचारला तर काही नाही. आपण उठता-बसता ‘आई गं’ म्हणतो, तसंच. हात एका वेळी पडावेत म्हणून.

जाळं नाही, म्हणून दोरीला रद्दी पुस्तकांचं पोतं बांधलं आहे. आम्ही अठराजण. सगळ्यांत मागे मी, माझ्यापुढे एक म्हातारा शिंपी. गाताना त्याचे कान हलतात. मी नुसती ओढते.

घशाचं आहे तसंच. ऑपरेशननंतर एका बाजूची स्वरपट्टी अजून हलत नाही. बोलले की फक्त हवा येते. एक मार्चला एसटीच्या आगारात तपासणी आहे. माइकवर एक पान वाचून दाखवायचं. नाही जमलं तर घोषणा कक्ष सुटला आणि पार्सल खोली कायमची. पार्सलं उलट बोलत नाहीत, तेवढं बरं.

फोन करू नकोस. मी ‘हॅलो’ म्हटलं की लोक आवाज येत नाही म्हणून ठेवून देतात. तू मागच्या वेळी ठेवला नाहीस, नुसता धरून बसलास. ते जास्त वाईट.

लोभ आहे तेवढा पुरे, उतू जाऊ देऊ नकोस.
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अठराजणांनी मिळून एक पोतं ओढायचं याला आमच्या लिफ्टच्या धंद्यात गायन म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. वर एक कप्पी बसवली तर तो शिंपी एकटा ओढेल, कान न हलवता. बाईंना सांग. वाटलं तर मी येऊन बसवून देतो.

इकडे सगळं ठीक. एका जुन्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधेच थांबते. दोष सापडत नाही. रहिवासी मला भेटले की जिन्याने जातात.

पार्सल खोलीत गेलीस तरी काही बिघडत नाही. पगार तोच. नाहीतर सरळ इकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. घशाला ताण देऊ नकोस. माझं ऐकत जाऊ नकोस असंही लिहिणार होतो, पण मग हेही ऐकणार नाहीस.

सोबत चघळायच्या गोळ्या पाठवल्या आहेत. कडू आहेत.

लोभ असावा, असं म्हणायला तोंड नाही, तरी असावा.
बारक्या

१३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. यांनी तुम्हाला सगळं ठीक म्हणून कळवलं असेल. ठीक नाही. तुमच्या गाठीचा अहवाल आला, गाठ साधी आहे असं त्यात होतं, तेव्हा मी देवापुढे हात जोडले आणि हे खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर थांबा म्हणत होते, ऑपरेशन करून टाक म्हणून मागे लागले ते हे. त्या अहवालाची प्रत यांच्या हत्यारांच्या पिशवीत असते. घडीवर फाटली आहे.

परवा जेवताना मधेच म्हणाले, “मी गप्प बसलो असतो तर ती बोलत असती.” एवढंच. मग भात वाढून घेतला आणि तसाच ठेवला.

तुमचं पत्र आलं की हे गॅलरीत नेऊन वाचतात आणि आत येऊन मला विनोद तेवढे सांगतात. तुम्ही यांना एकदा सणसणीत झापा. मायेने लिहिलेलं यांना सोसत नाही. मोठ्या बहिणीचं काम आहे, मी झापलं तर भांडण होतं.

उद्धटपणा वाटला तर पोटात घाला.
आपली वहिनी

१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि ते संपले की पुढचं वाच.

तू गाढव आहेस. गळ्याला लिंबाएवढी गाठ घेऊन सहा वर्षं फिरले ती मी. सही केली ती मी. गाठ वाईट निघाली असती तर तूच शहाणा ठरला असतास आणि जन्मभर मला ऐकवलं असतंस. साधी निघाली तर लगेच गुन्हेगार झालास. माझ्या गळ्याचं काय करायचं हे ठरवण्याएवढा मोठा तू अजून झालेला नाहीस, नव्वद किलो भरलास तरी. हे मला कुणी कळवलं ते विचारायचं नाही. तिच्याशी भांडायचं तर मुळीच नाही.

आता कालचं. काल तिसरा रविवार. आमच्याकडे आगारात पद्धत अशी, की आधी घंटा वाजते, मग मनात दोन आकडे मोजायचे आणि मग बोलायचं. अठरा वर्षं हेच केलं. काल ओढणं जोरात चाललं होतं. कुणीतरी ओळ चुकलं म्हणून बाईंनी टेबलावरची छोटी घंटा मारली. घंटा म्हणजे थांबा. सतराजण थांबले, हात सैल सोडले. मी मात्र एक, दोन मोजले आणि ओढलं. पोत्याचा सगळा भार माझ्या एकटीच्या हातात आला आणि तोंडातून निघालं, “योइशो.”

मला वाटलं शिंपी बोलला. शिंपी वळून माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, ह्या बाई कुठून आल्या. मग सगळेच हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यालाही आवाज होता, फाटका, पण होता. बाईंनी पोत्यात आणखी चार जाड पुस्तकं घातली. पुन्हा ओढायला लावलं, एकटीला. पाच वेळा आला, दोनदा नुसती हवा. व्यायामाच्या मुलीला आज वहीत लिहून दाखवलं, तर म्हणाली की जोर लावताना कधी कधी चांगली पट्टी पलीकडच्या पट्टीला गाठते. पण फक्त तेवढंच आहे, का पलीकडचीही हलू लागली आहे, ते घशात नळी घालून बघावं लागेल. सत्तावीसला बघणार.

बसून बोलायला गेले तर अजून काही नाही. तेव्हा नाचू नकोस. खालच्या मजल्यावर लोक राहतात.

झापलं ते पुरलं नसेल तर कळव.
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. पहिलं पान वाचून खाली उतरणार होतो. बरं झालं उतरलो नाही.

झापलं ते पुरलं. बायकोशी भांडलो नाही, तिनेच आपण होऊन कबूल केलं आणि वर मलाच विचारलं, पुढे काय लिहिलंय.

एक शब्द म्हणजे एक पान नव्हे, हे मला कळतं. लिफ्ट एकदा हलली म्हणून आम्ही माणसं बसू देत नाही. तरी माझ्या मदतनीसाला मी उगाचच चहा पाजला. त्याने काय झालं विचारलं. मी म्हटलं, बहीण ओरडली.

सत्तावीसला नळी घातल्यावर जे दिसेल ते कळव. वाईट असलं तरी गोड करून लिहू नकोस.

लोभ असावा, आता मागायला संकोच नाही.
बारक्या

२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सगळं सांगितलं, तरी लिहिते. फोनवर तू आवाज ऐकत होतास, मजकूर नाही. नळीचं काय झालं हे तू तीनदा विचारलंस आणि तीनदा मी सांगितलं.

पट्टी हलते आहे. पूर्ण नाही. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली, वाऱ्याने दार हलावं तेवढी. सहा महिने लागतील, म्हणाले, पण परत येते आहे.

तपासणीला एक पान वाचलं. बसून जमेना, म्हणून व्यवस्थापकांची परवानगी घेतली आणि डाव्या हाताने टेबल खालून वर उचलत वाचलं. टेबल लोखंडी आहे. त्यांनी शेरा लिहिला की आवाज घोगरा पण स्पष्ट, आणि उमेदवाराने टेबल सोडावे. रोज दोन तास माइक, बाकी वेळ चौकशीची खिडकी. पार्सल खोली टळली. बाहेर येऊन बाकावर बसले. मग बाकाची कड वर ओढत तुला फोन केला.

वहिनीला सांग, तिने सांगितलेलं काम मनापासून केलं.

आज सकाळी पाच चाळीसची पहिली गाडी मी पुकारली. फलाट चुकीचा सांगितला. तीस-बत्तीस माणसं सामान घेऊन पलीकडे गेली आणि मला शिव्या देत परत आली.

ताई